फाटकापाशी सेहेचाळीस

रेल्वेचं फाटक पडलं आणि गाडी थांबवावी लागली. स्टिअरिंगमागे बाहेरच्या तापमानाचा आकडा दिसतो, तो एकेचाळीस होता. बघता बघता सेहेचाळीस झाला.

“जग राहण्यासारखं उरलं नाही,” मी म्हणालो.

बायको तोवर उतरून कडुलिंबाखाली उभी राहिली होती. “अहो, इथे वारा आहे. उतरून तरी बघा.”

मी उतरलो नाही. चीड आली ती त्या आकड्याची. तापमान मोजणारा सेन्सर पुढच्या बंपरमागे बसवलेला असतो. गाडी धावत असली की त्याला समोरची हवा लागते. थांबली की इंजिनाची धग आणि तापलेलं डांबर, एवढंच. मग तो गाडीचीच गरमी बाहेरची म्हणून दाखवत बसतो. एवढी महागाची गाडी, आणि आपण तापलोय की जग, एवढं तिला कळू नये.

निवृत्त झाल्यापासून मीही दिवसभर एकाच खुर्चीत असतो. शेजारी माजलेत, पोरं उद्धट झालीत, आंब्याला पूर्वीची चव नाही, हे सगळं तिथूनच सांगत असतो. हे नेमकं फाटकात अडकल्यावरच आठवायचं होतं.

फाटक उघडलं. बायको शेजारी येऊन बसली. गाडीने वेग घेतला तसा आकडा उतरत गेला आणि पुन्हा एकेचाळीसवर येऊन थांबला. तिने तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि वाऱ्यासाठी आपल्या बाजूची काच खाली केली.

तेच जास्त डोक्यात गेलं.