खाडीला लावलेलं शेपूट

एका ऑफिसात वर्षानुवर्षं काढली की केलेलं काम आठवत नाही, झालेल्या फजित्या तेवढ्या आठवतात. आमचं खाडी मोजायचं ऑफिस अलिबागच्या अलीकडे होतं. साठ सालच्या आसपासची गोष्ट. पाण्याची खोली मोजायची, आकडे मुंबईला कॉम्प्युटरकडे पाठवायचे, मग प्रवासी लाँच कुठे लागेल ते मुंबई ठरवणार.

*

आकड्यांचा तक्ता तिहेरी होता: लांबी, रुंदी आणि भरती-ओहोटीची वेळ. खाडीचे पट्टे काही लांब, काही तोकडे. यंत्राला मात्र सगळे सारखे लागत! म्हणून तोकड्या पट्ट्यांच्या शेवटी शून्यं भरायची. आता त्याला पॅडिंग म्हणतात म्हणे. आम्ही ‘शेपूट लावणं’ म्हणायचो.

यंत्रासाठी आकड्यांची कार्डं पंच करणारी कुमुद प्रधान एकदा वैतागली. “साहेब, रिकामं सोडलं तर काय बिघडेल?”

आमचे कर्णिकसाहेब म्हणाले, “यंत्राला रिकामी जागा चालत नाही.”

“म्हणजे आमच्या सासूबाईच! ताटात जागा दिसली की वाढलंच!”

*

याच कुमुदच्या घरी सत्यनारायण होता. एक पंगत लांब, समोरची तोकडी. कुमुदनं तोकडीच्या शेवटी रिकामी पानं मांडून दोन्ही सारख्या केल्या!

“आणखी कोण यायचंय गं?” सासूबाईंनी विचारलं.

“कुणी नाही.”

सासूबाईंनी त्या पानांवरही मीठ-लिंबू वाढलं.

*

आमच्या मोजणीच्या मचव्याचा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा, दाऊदभाई. गाव खाडीपलीकडे, दवाखाना अलीकडे. बायको सकीनाबी दम्यानं बेजार. उघड्या होडीतून भिजत यायची आणि औषध घेऊन घरी पोचेपर्यंत पुन्हा धाप लागायची. “लाँच आमच्या गावाला लागली पायजे, साहेब,” दाऊदभाई रोज म्हणायचा.

त्याच्या गावापुढचा पट्टा मोजायला गेलो, तर समोर मासेमारीची जाळी. दाऊदभाईनं मचवा थांबवला.

“आता फुडं न्हाय!”

“अरे, तुझंच गाव आहे ना?”

“जाळी मेव्हण्याची हाय. फाटली तर बायको घरात घ्यायची न्हाय!”

पट्टा तिथेच संपला. आम्ही शेपूट लावलं आणि जेवायला गेलो.

*

मुंबईहून नकाशा आला. दाऊदभाईच्या गावापुढे पाणी शून्य! लाँच नामंजूर.

कर्णिकसाहेबांनी ताबडतोब कळवलं, “ती शून्यं मोजलेली नाहीत, भरलेली आहेत.”

उत्तर आलं, “भरलेली असली तरी शून्यंच आहेत.”

दाऊदभाई मचवा धूत बसला. मला फार वाईट वाटलं, त्याच्याकडे बघवेना.

*

शेवटी मुंबईचे मोठे साहेब स्वतः पाहणीला आले. लाँचनं. तोवर जाळी निघाली होती. लाँच सरळ दाऊदभाईच्या गावाला गेली आणि काठाला लागली.

सगळा गाव जमलेला. सकीनाबी पुढे, काखेत औषधाची रिकामी बाटली. मोठ्या साहेबांनी लाँचमध्येच उभं राहून नकाशा उलगडला आणि गावावर बोट ठेवलं.

“माफ करा, पण इथे लाँच येऊच शकत नाही!”

कर्णिकसाहेब नुसते खोकले.

सकीनाबीनं चपला हातात घेतल्या, घोटाभर पाण्यातून आली, लाँचमध्ये चढली आणि साहेबांच्या शेजारी ऐसपैस बसली.

“मग निघा बिगीबिगी,” ती म्हणाली. “दवाखाना बारालाच बंद व्हतो.”