विजारीतल्या सहा शिवणी

परिचारिकेने कमरेभोवती टेप गुंडाळली, तेव्हा मास्तरांनी श्वास आत ओढून धरला होता.

"छत्तीस," त्यांनी मोजायच्या आधीच सांगून टाकले. शिंपीकामात उभा जन्म दुसऱ्यांच्या कमरा मोजण्यात गेलेल्या माणसाला स्वतःची कंबर ठाऊक नसेल, ही शंकासुद्धा त्यांना अपमानास्पद वाटत होती.

"दुकान किती वर्षांचं, मास्तर?" परिचारिकेने सहज विचारले.

"बेचाळीस," असे म्हणताना श्वास सुटला, पोट मूळ पदावर आले आणि टेप आवळली गेली.

"साडेअडतीस," ती म्हणाली.

मास्तर फसले होते, आणि तेही स्वतःच्याच युक्तीने. पोट आत घेऊन ताठ उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाला 'मुलगा काय करतो?' असे विचारावे आणि तो उत्तर देत असताना माप घ्यावे, हा त्यांचा बेचाळीस वर्षांचा परिपाठ. "तुमची टेप ओढून ओढून वाढली असेल," ते म्हणाले.

"वाढली असती तर आकडा कमी आला असता," परिचारिका म्हणाली.

रक्तदाबाचा आकडा त्याहून वाईट निघाला: एकशे बासष्ट, खाली अठ्ठ्याण्णव. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गिऱ्हाइकाला कपडे पोचवताना त्यांना धाप लागली होती, जिन्यातच बसावे लागले होते. त्यासाठीच मुलाने त्यांना येथे आणले होते. डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिली, मीठ कमी करायला सांगितले आणि चष्मा काढून विचारले, "दिवसभर करता काय?"

"बसतो," मास्तर म्हणाले.

"तेच कमी करा. रोज अर्धा तास चाला. एका जागी तासभर बसून राहू नका. आधी हळू, मग जमेल तसं. तीन महिन्यांनी या."

मुलाने यातून जो अर्थ घ्यायचा तो घेतला. तो विजेची कामे करणारा, कामात चोख, वडिलांच्या बाबतीत हळवा. घरी येताच त्याने निकाल दिला, "बाबा, पुष्कळ झालं. आता आराम. तीन महिन्यांत आकडे उतरले नाहीत, तर दुकानाची किल्ली मला द्यायची. शब्द द्या."

मास्तरांनी शब्द दिला. आणि त्या घटकेपासून त्यांचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही.

ते दिवसातून सहा वेळा कंबर मोजू लागले: उठल्यावर, दोन्ही जेवणांआधी, दोन्ही जेवणांनंतर आणि निजताना. दर वेळी आकडा निराळा येई, कारण दर वेळी श्वास निराळा असे. रक्तदाबाच्या धास्तीने रक्तदाब वाढेल, ही आणखी एक धास्ती त्यात भरीला पडली. कापडावर खडूची रेघ आखता आखता ते थांबत आणि मनगटावर बोट ठेवून नाडी मोजत. मशीनसमोर बसले की त्यांचे दोन्ही पाय टाच-चवडा, टाच-चवडा असे जमिनीवर चालू होत.

"तुमची पावलं बसल्या जागी कुठं निघालीत?" त्यांची पत्नी काजे करता करता म्हणाली. ती रोज दुपारी दुकानात येऊन हाताचे काम उरकत असे. "आठ वर्षं बघतेय मी."

"आठ?"

"मशीनला मोटर बसवल्यापासून."

'मोटर' हा शब्द मास्तरांच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. त्याच संध्याकाळी त्यांनी आपली ठेवणीतली करडी विजार कपाटातून काढली. ही विजार त्यांनी मोटर आली त्याच दिवशी, मोटर कशी चालते हे पाहण्यासाठी शिवली होती. शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी 'माया' म्हणतात. ती सोडण्यात मास्तरांचा हात सढळ. पुढेमागे विजार दर वेळी अर्धा इंच सैल करता यावी, हा त्यांचा आग्रह. पेठेत त्यांचे नावच 'अर्धा इंच' पडले होते.

विजार उलटी करून त्यांनी मागची शिवण दिव्यासमोर धरली. चालू शिवणीच्या आत, एकीशेजारी एक, सुईच्या जुन्या भोकांच्या पाच रांगा होत्या. पाचही त्यांच्याच हातच्या, पहिली छत्तीसची. कंबर जरा दाटली की उसवायचे आणि अर्धा इंच सैल करायचे; विजार कधी घट्ट झालीच नाही, म्हणून पोट वाढल्याचे कधी कळलेच नाही. दुसरा कोणी असता, तर एखाद्या सकाळी बटण लागले नसते आणि तो सावध झाला असता. शिंप्याला ती सोय नव्हती.

रात्रभर ते कुशी बदलत राहिले. आधीची चौतीस वर्षे सकाळपासून संध्याकाळपर्यंत पायडल मारले होते. मग मुलाने पहिल्या नोकरीत हौसेने मोटर आणली, स्वतः बसवली आणि म्हणाला, "आता नुसता पाय टेकवा, बाबा, आणि राजासारखे बसा." ते राजासारखे बसले. त्या मोटरीला हात लावायचा म्हणजे पोराच्या काळजाला हात लावण्यासारखे होते.

तीन दिवस त्यांनी पेचकस हातात घेतला आणि खाली ठेवला. चौथ्या दिवशी मोटर उतरवली, फडक्यात गुंडाळली आणि चाकावर पायडलची चामड्याची वादी चढवली. नेमका तेव्हाच मुलगा दारात आला.

"बिघडली होय? सांगायचं नाही का? बदलून दिली असती."

"बिघडली नाही."

"मग?"

मास्तरांनी विजार त्याच्यापुढे टाकली. मुलाने रांगा मोजल्या. एकदा बोटाने, एकदा नुसत्या डोळ्यांनी.

"म्हणजे हे माझ्यामुळं," तो म्हणाला.

"तू पायडल सोडवलंस. चालू नका असं कधी म्हणालास? आळस माझा आहे, त्यावर हक्क सांगू नकोस."

मुलाने विजार घडी करून बाजूला ठेवली. मग खाली बसला आणि पायडलच्या गंजलेल्या सांध्यांत तेल सोडू लागला.

डॉक्टरांना हे कळले तेव्हा ते म्हणाले, "बसून राहण्यापेक्षा बरं; पण चालण्याची भरपाई यानं होणार नाही." तेव्हा मास्तरांनी शिवलेले सगळेच कपडे घरपोच द्यायला सुरुवात केली, पायी. दर तासाला उठून दुकानाबाहेर एक फेरी. वरचे मीठ बंद. पहिले पंधरा दिवस जेवण त्यांना मातीसारखे लागले आणि तसे त्यांनी रोज बोलून दाखवले. "माती बरी चाखलेली दिसतेय तुम्ही," पत्नी म्हणे.

तपासणीच्या आदल्या दिवशी टेप पत्नीने धरली. मास्तर खांबासारखे ताठ.

"त्या मोटरीचं काय करायचं ठरवलंत?"

"पोराला म्हटलं..." आणि टेप आवळली गेली.

"सदतीस आणि दोन सूत."

"सदतीस म्हण."

"दोन सूत, म्हणजे चांगला पाव इंच, कुठं टाकू?"

मास्तरांनी विजार उसवली. सदतीस इंचांची तिसरी रांग भुरळ घालत होती. पण त्यात श्वास कोंडून बसावे लागले असते. त्यांनी साडेसदतीसच्या चौथ्या रांगेवरून, जुन्याच भोकांतून, शिवण घातली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पहिला आकडा भलताच चढा आला. किल्ली गेली, असे त्यांना वाटले.

"पाच मिनिटं शांत बसा," परिचारिका म्हणाली. "आणि ते पाय थांबवा आधी."

मास्तरांनी दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले. दुसऱ्या वेळी एकशे अडतीस, खाली चौऱ्याऐंशी. डॉक्टरांनी मान हलवली; गोळी चालूच ठेवा, म्हणाले, आणि तीन महिन्यांनी पुन्हा या.

बाहेर मुलगा स्कूटर घेऊन थांबला होता. त्याने कागद दोनदा वाचला.

"तीन महिन्यांनी पुन्हा बघू, बाबा."

"बघ." मास्तरांनी खिशातली किल्ली चाचपली. "दुकान उघडायला उशीर होतोय."

"बसा मागं, सोडतो."

पण ते रस्त्याला लागलेही होते, आणि स्कूटर हाताने ढकलत मुलाला त्यांच्या मागोमाग जावे लागले.