ग्लिनच्या निबंधावर शैलाताईंचं मत

शैलाताई परचुऱ्यांना लिहिण्याच्या क्लासातून काढून टाकलं, ही बातमी लंडनजवळच्या पिनरमध्ये संक्रांतीच्या तिळगुळाबरोबरच घरोघर पोचली. कारणही मोठं चविष्ट. बाईंनी म्हणे एका गोऱ्या म्हाताऱ्याला भर वर्गात रडवलं! "पुण्याची जीभ ती, दुसरं काय?" शेजारच्या मंजिरीने हळदीकुंकू लावता लावता टोला हाणला आणि बायका पोट धरधरून हसल्या.

जीभ होतीच तशी. चकली मऊ पडली तर करणारणीला तोंडावर सांगणारी. नवरा शशिधर सर्जन. तो त्या जिभेला "आमच्या घरचं स्कॅल्पेल" म्हणायचा. कोविडच्या पहिल्या एप्रिलात तो आपल्याच हॉस्पिटलात वारला. एकटा. "कुणालाच आत सोडत नव्हते हो," हे शैलाताई तेव्हापासून भेटेल त्याला सांगत. त्या एका वाक्याला धरून उभ्या होत्या बिचाऱ्या.

लायब्ररीतल्या त्या क्लासात आपली आठवण लिहायची, शेजाऱ्याची वाचायची, दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या आणि मग एक सुधारणा सुचवायची, असा रिवाज. शेजारी होता ग्लिन, रिटायर्ड बसड्रायव्हर. त्याने बायकोचं मरण लिहिलं होतं. तोच एप्रिल. प्लॅस्टिकचा एप्रन, हातमोजे, आणि तिचा हात त्याच्या हातात.

शैलाताईंनी चांगल्या गोष्टी गाळल्याच. "ग्लिन, हे खोटं आहे. तेव्हा कुणालाच आत सोडत नव्हते. काढून टाक हे."

"मलाही नाहीच म्हणाले होते, लव्ह," ग्लिन बसमधल्या सवयीने म्हणाला. "मी परत फोन केला. मग परत. शेवटी सिस्टर वैतागून म्हणाली, ये बाबा, पण थोडाच वेळ."

"परत फोन केलास?"

"करणार नाही? बायको होती माझी." त्याचे डोळे भरून आले. ते पुसत त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "तुला किती वेळ दिला त्यांनी?"

शैलाताईंनी कागद त्याच्यापुढे सरकवला, कोट घातला आणि चष्मा टेबलावर तसाच टाकून निघाल्या. पुढच्या आठवड्यात गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

मंजिरी शेवटी घरी येऊन थडकली. "शैलाताई, कोणी हाकललं तुम्हाला? नाव सांगा नुसतं, जाऊन भांडते!"

"बस. चहा टाकते," एवढंच म्हणाल्या.

त्यांना कोणीही काढलं नव्हतं. शशिधरच्या वेळी हॉस्पिटलने एकदा नाही म्हटलं होतं, आणि शैलाताईंनी पुन्हा विचारलं नव्हतं.