विमान कोणाकडे होतं?

पहाटे साडेतीनला तिचा दिवस सुरू व्हायचा, पावाच्या भट्टीवर. पीठ मळायचं मशीन होतं, पण ते मधेच तापून बंद पडायचं. उरलेलं पीठ ही हातानं मळायची. मी पाहिलंय. मनगटानं मळणारा लवकर दमतो. ही खांद्यानं मळायची.

ही माझी पुतणी, दादाची थोरली. भट्टीचं काम उरकलं की सायकल हाणत आमच्या विमानशाळेच्या मैदानावर यायची, विमान चालवायला शिकायला. केसांत पीठ तसंच. मेकॅनिकांनी तिचं नाव 'पाववाली' ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना गरम पाव आणून दिले, मग नाव कायमचं झालं.

मी तिथं हेल्पर होतो. विमानं शेडमधून बाहेर ढकलायची, पुसायची, संध्याकाळी दोरांनी जमिनीला बांधायची. बाकीची शिकाऊ मंडळी ढकलताना नुसता हात टेकवायची. पाववाली अंगाचा जोर लावायची. पुतणी म्हणून सांगत नाही. अंग चोरलं असतं तर तिलाही बोललो असतो.

तिला शिकवायचे ते मास्तर. उंच, किडकिडीत, सारखा चष्मा पुसणारे. माणूस सोन्यासारखा, पण बोलताना अर्धं वाक्य तोंडानं आणि अर्धं हातवाऱ्यांनी. तिला एकटीनं उडायला सोडायचं जवळ आलं होतं. मास्तरांनी हो म्हटलं की झालं. अशात तो प्रकार घडला.

शिकवायच्या विमानात दोघांपुढे एकेक दांडा असतो. एक हलवला की दुसरा हलतो. म्हणून विमान दुसऱ्याच्या हाती देताना तोंडानं सांगायचं. देणारा म्हणतो, 'विमान तुझ्याकडे.' घेणारा म्हणतो, 'माझ्याकडे.' देणारा पुन्हा म्हणतो, 'तुझ्याकडे.' मगच हात काढायचा. पहिल्याच दिवशी हे घोकून घेतात.

त्या दिवशी हवा शांत होती. मी बादली घेऊन शेडबाहेर उभा होतो. त्यांचं विमान मैदानावरून वळण घेत होतं. घेता घेता एका अंगावर कलत गेलं. आता सावरेल, मग सावरेल. सावरेना. नाक खाली गेलं. एकदम झटका बसून वर आलं आणि पुन्हा तसंच कलायला लागलं. माझ्या हातातली बादली कधी सुटली, कळलं नाही. मग कोणीतरी जोरात खेचलं आणि विमान सरळ झालं.

दोघं उतरले. शाळेचे साहेब धावत आले.

"कोण चालवत होतं?"

"ही," मास्तर म्हणाले.

"मास्तर," पाववाली म्हणाली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

हळूहळू उलगडलं ते असं. पाण्याची बाटली मास्तरांच्या पायाखाली घरंगळत गेली. ती पायाच्या पेडलमध्ये अडकली तर विमान वळत नाही. मास्तर "धर जरा" म्हणून खाली वाकले. त्याच वेळी मैदानावरच्या टॉवरमधून विमानांना सूचना देणारा टॉवरवाला हेडफोनवरून हिच्या कानात बोलत होता. टॉवरवाल्याचं ऐकताना ती मान डोलवायची, त्याला दिसत नसलं तरी. मास्तरांनी मान पाहिली, त्यांना वाटलं, घेतलं विमान. हिनं मास्तरांचं ऐकलंच नव्हतं. ती मांडीवरच्या कागदावर टॉवरचं सांगणं लिहीत होती.

इथवर समजण्यासारखं. पण विमान कललं तेव्हा दोघांनी एकदम दांडा धरला. दोघांना दुसऱ्याचा जोर जाणवला. मास्तरांना वाटलं, धरलंय हिनं, सोडला. हिला वाटलं, धरलंय मास्तरांनी, सोडला. घरात एकच खुर्ची असली की पाहुणे करतात तसं. शेवटी मास्तर "माझ्याकडे!" म्हणून ओरडले, असं मास्तर म्हणतात. ती म्हणते, ओरडले मी.

त्या संध्याकाळी ती सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होती.

"काका, माझे हात कुठं होते, मला आठवतच नाही. पीठ मळताना हात कुठं आहेत हे कधी विचारावं लागतं का?"

"मला काय विचारतेस? मी खाली होतो."

"मग आता सोडतील मला एकटीला?"



सकाळी साहेबांच्या खोलीत पुन्हा बोलावणं. मी खिडकी पुसत होतो. त्या खोलीच्या खिडक्या त्या दिवशी फार मळल्या होत्या.

"साहेब, रात्रभर विचार केला," मास्तर म्हणाले. "विमान माझ्याकडेच होतं. तिनं तोंडानं काही म्हटलंच नव्हतं."

"नाही साहेब, माझ्याकडे होतं," पाववाली म्हणाली. "मान मी हलवली."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "काल विमानाला मालक नव्हता, आज दोन झाले. मी कोणाचं खरं मानू? उद्या पुन्हा हीच फेरी, दोघांनी मिळून. मी मागच्या सीटवर बसतो. त्यानंतर ठरवू, हिला एकटीला सोडायचं की घरी पाठवायचं."

फेरीचे पैसे शिकणाऱ्यानं भरायचे असतात; या वेळी मी देतो, असं मास्तर म्हणाले. पाववालीनं ऐकलं नाही. एकट्या उड्डाणासाठी बाजूला ठेवलेला पगार तिनं त्या फेरीवर घातला.

दुसऱ्या दिवशी साहेब विमानातून उतरले ते कान चोळतच.

"तुझ्याकडे, माझ्याकडे, तुझ्याकडे! बाटली द्यायची तरी हेच. डोकं उठवलं दोघांनी. मास्तर, तुमचं काय म्हणणं?"

"सोडा," मास्तर म्हणाले. पहिल्यांदाच हात न हलवता.

पण पैसे संपले होते. पुढच्या पगारापर्यंत ती नुसती विमानं ढकलायला यायची.

बाटली घरंगळली त्या काही क्षणांत विमान कोणाकडे होतं, ते कोणाला कळलं नाही. मास्तरांना अजून विचारलं तर ते चष्मा पुसतात.

पगार झाला त्या सकाळी मी विमान पुसलं, तिनं ढकललं. मास्तरांनी स्वतःच्या सीटचा रिकामा पट्टा आवळून बांधला, बाटली उचलून घेतली आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. टॉवरवाल्यानं आमच्यासाठी खिडकीत स्पीकर ठेवला होता. विमान वर चढलं तसा त्यातून पाववालीचा आवाज आला.

"विमान माझ्याकडे."

"अगं बाई, मग दुसऱ्या कोणाकडे असणार?" टॉवरवाला म्हणाला.

मास्तर हळूच म्हणाले, "तुझ्याकडे."

भट्टीवरच्या पगारातून तिनं शेवटी घेतली ती एवढीच गोष्ट: मैदानाभोवती एक फेरी, शेजारची सीट रिकामी.