सत्यभामाबाई अन् लापशीचा डब्बा

आमच्या गल्लीले मान खाली घालाले लावणारी एकच बाई हाय, सत्यभामाबाई. सकाळी बाभुळगावात कचऱ्याची घंटागाडी वाजली का सारी गल्ली दारात उभी राह्यते. बाई गाडीवरून उतरते, दारातच सुक्या कचऱ्याची थैली उघडते, अन् साऱ्या गल्लीदेखत वाचून दाखवते. मलेच म्हणे, "काय वो ममता, या पुट्ठ्यांत कांद्याचे फोतरं कायले?" शेजारच्या नेमसिंग गुरुजींची तं तिनं इज्जतच काढली. "गुरुजी, डाक्टरनं गोड बंद केलतं ना? मंग हा जिलबीचा खोका कोणाचा?" गुरुजी तवापासून कचरा द्याले बायकोले धाडतात.

पण बाई खरी. बचत गटाचं कचरा निवडाचं शेड तिनंच उभं केलं. पुट्ठे अलग, प्लॅस्टिकच्या पन्न्या अलग, बाटल्या अलग, अन् बाटल्यांचे बुचंबी अलग.

यंदा मात्र तिच्यावर वाईट वेळ आली. शेडमधल्या मालात कुठूनतरी खरकटं सांडे, पुट्ठे भिजत, मुंग्या लागत. यवतमाळच्या व्यापाऱ्यानं दोनदा माल वापस धाडला अन् सांगतलं, तिसऱ्यांदा खरकटं निंघालं तं तुमचा माल बंद. माल बंद म्हणजे शेडले कुलूप. सत्यभामाबाईसंगं आणखी चार बाया घरी बसल्या असत्या.

मले असा संताप आला! ओट्यावर उभी राहून भाषणच ठोकलं म्या. "लाज वाटत नाई का लोकायले? डब्बा धुवाले काय हात झिजतात?" अन् बोलता बोलता समोरच्या चंदाबाईच्या दाराकडं पाह्यलं. तिच्या घरचा चहाचा कपबी कधी धड धुतलेला नसते, मंग मी दुसरीकडं कायले पाहू?

मंग एका सोमवारी सत्यभामाबाईनं दारोदारी एक-एक डब्ब्याचं झाकण उघडून पाह्याले सुरुवात केली. चंदाबाईचे डब्बे लख्ख निंघाले. मंग आमची थैली. तळाशी श्रीखंडाचा डब्बा, बाहेरून चकचकीत. झाकण उघडलं तं आत लापशी! वरून तुपाची धारबी सोडलेली.

बापा! कुठं तोंड लपवू असं झालं मले. चंदाबाई गालातल्या गालात हासत होती, अन् हासणारच ना.

तेवढ्यात माही सासू रामीबाई बाहेर आली. तिचं सारं आयुष्य बंजाऱ्यायच्या तांड्यावर गेलं, आम्ही तिले याडी म्हणतो, म्हणजे आई. "अवं, म्याच ठेवली ते," याडी म्हणे. "बाईच्या हाती रिकामा डब्बा देत असते का कोणी? आमच्या तांड्यावर रीतच नाई तशी. चार महिन्यांपासून देऊन राह्यली. ही काही बोल्ली नाई, म्या म्हणलं आवडत असन."

सारी गल्ली हासाले लागली. सत्यभामाबाई हासली नाई. डब्बा धरून उभीच राह्यली.

"याडी, मले वाटलं लोकं उष्टं टाकून राह्यले. कितीक शिव्या दिल्या म्या त्या लापशीले."

याडीचं तोंड एवढंसं झालं. "उष्टं? पोरी, घरात कोणी जेवाच्या आधी तुह्या वाट्याची काढत होती मी."

सत्यभामाबाईनं पदर डोळ्याले लावला अन् आमच्या ओट्यावर बसली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बसली ते. "मले वाटीत दे, याडी. अन् डब्बा रिकामाच दे, धुऊन." तिथंच बसून तिनं लापशी खाल्ली, अन् उरलेली धम्मरत्नसाठी, तिच्या लेकासाठी, वाटीसकट घरी नेली.

पुढच्या हप्त्यात घंटी वाजाच्या आधीच तिची हाक आली, "व्यापाऱ्यानं माल घेतला वो याडी! एक पुट्ठा वापस नाई!" हातात आमची वाटी होती. वाटीत तिच्या घरचा शेंगदाण्याचा लाडू.

याडीनं तो दारातच, साऱ्या गल्लीदेखत मोडला. अर्धा आपल्या तोंडात टाकला, अर्धा चंदाबाईले दिला. मले काहीच नाई. म्हणे, "तुह्यं पोट तं त्या दिवशीच्या भाषणानंच भरलं असन."