गिऱ्हाइकाकडे तोंड केलेला स्क्रीन

कोर्टासमोरच्या गाळ्यात बावीस वर्षं अर्ज टाईप करणाऱ्या काकूंच्या टेबलावर दोन स्क्रीन होते. एक त्यांच्याकडे, दुसरा गिऱ्हाइकाकडे तोंड करून; दोन्हींवर तेच दिसायचं. "तुमचं तुम्ही वाचा, मगच छापते," हा त्यांचा खाक्या. एकही फाईल त्या पुसत नसत. माणूस परत येतो, प्रत मागतो. शोधायला सोपं म्हणून फाईलला नावही तसंच द्यायचं: 'दूधवाले भाडेकरार', 'नर्सबाई बदली'.

लेक कानीकपाळी ओरडायची, "आई, काम झालं की पुसत जा. निदान पासवर्ड तरी लाव."

"माझ्या गाळ्यात कोण चोर येतोय?"

मंगळवारी आला तो चोर नव्हता, नवरा होता.

"काल माझी बायको इथं आली होती. शिवणकाम करते ती. काय टाईप करून नेलं?"

मारहाणीला कंटाळून घर सोडलेली ती बाई काल याच खुर्चीत बसली होती. आपला नवा पत्ता नवऱ्याला कळू नये, म्हणून कोर्टाला अर्ज. त्या अर्जातच पत्ता, आणि त्याची फाईल या क्षणी काकूंच्या स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात: 'शिवणवाल्या बाई नवा पत्ता'. नशीब, गिऱ्हाइकाचा स्क्रीन अजून लावलेला नव्हता.

"दिवसाला तीस माणसं येतात. कुणाकुणाचं लक्षात ठेवू?"

"मशीनला लक्षात असेल की." त्यानं हात लांबवून समोरच्या स्क्रीनचं बटण दाबलं. कोपऱ्यातला बारीक दिवा लागला.

काकूंचा पाय टेबलाखाली चाचपडत होता. अंगठ्याला विजेच्या बोर्डाचं बटण लागलं. खट्ट! दोन्ही स्क्रीन काळे, पंख्याची घरघर बंद.

"नाटकं करता?"

"जुनं मशीन आहे. तुमच्याहून लवकर चिडतं."

"चालू करा."

"करून काय उपयोग? गिऱ्हाईक उठलं की मी फाईल पुसते. विचारा कुणालाही." आयुष्यात इतकं धडधडीत खोटं त्या प्रथमच बोलल्या.

"मग मी बसतो इथंच."

तो बसला. काकूंनी कपाटावरचा जुना टाईपरायटर खाली ओढला, धूळ झटकली आणि आलेल्यांचे अर्ज त्यावर बडवायला घेतले. तीन अर्ज झाले. बोटं चुकत होती, तरी मान वर केली नाही. चौथ्या अर्जाला तो उठला. "कळेलच मला," म्हणाला आणि गेला.

तो कोपऱ्यावरून दिसेनासा झाला तेव्हा काकूंनी शटर अर्धं ओढलं आणि लेकीला फोन लावला. "सांग, काय काय करायचं ते. सावकाश."

आधी फाईल पुसली. मग कचरापेटी रिकामी केली, कारण पुसलेलं तिथंच पडून राहतं. अलीकडे उघडलेल्या फाईलींची यादी साफ केली. पासवर्ड लावला, दोन मिनिटं हात लागला नाही तर मशीन आपोआप कुलूपबंद होईल असं केलं. समोरच्या स्क्रीनवर आता फक्त चालू असलेलाच कागद दिसणार होता. दूधवाले, नर्सबाई, बावीस वर्षांचे सगळे पुसायला चार दिवस लागले.

पुढच्या आठवड्यात शिवणवाल्या बाई आल्या. कोर्टाला आणखी एक प्रत हवी होती.

"फाईल नाही. पुसली."

"अगं बाई! म्हणजे परत सगळं सांगायचं?"

"परत सगळं." काकूंनी शटर अर्ध्यावर आणलं. "आणि पत्ता मोठ्यानं बोलू नका. चिठ्ठीवर लिहून द्या. चिठ्ठी जाताना घेऊन जा."