मानेच्या मापाची उशी

उशीवाली बोलायची कमी आणि तंद्रीत असायची जास्त. दुपारी ती शेवरीचा कापूस पिंजायला बसली की पांढरे तंतू उन्हाच्या तिरिपेत तरंगू लागायचे आणि त्यांच्याबरोबर तीही. हात खोळीत, जीव ढगावर. रस्त्यावरून जाणाऱ्याला काचेतून दिसायची एक रिकामी खाट, मागे उशांचा ढीग आणि ढिगाच्याही मागे नुसता एक अंबाडा. तो अंबाडा विक्रीला आहे की काय, असा प्रश्न पडावा.

उशी ती माप घेऊन करायची. गिऱ्हाइकाला खिडकीजवळच्या खाटेवर कुशीवर निजवायचं, मान आणि गादी यांच्यामधल्या पोकळीत तळहात सरकवायचा, डोळे मिटायचे आणि ती पोकळी हातातच जपून ठेवायची. मग कापूस भरायचा तो नेमका तेवढाच. "शिंपी अंगाला शिवतो, मी झोपेला शिवते," असं ती म्हणायची. पण म्हणायची ती स्वतःशीच, त्यामुळे गल्लीत कुणाला पत्ताच नव्हता.

खोली दादाची, तिच्या थोरल्या भावाची. पलीकडच्या वळणावर त्याचं खिळे, बिजागऱ्या, नळांचं दुकान. एक दिवस तो दारातच उभा राहून म्हणाला, "पुढच्या आठवड्यात पाइप येतायत. मला ही खोली लागेल. तू आपली माझ्याकडे काउंटरला बस."

"दादा, मला खिळ्यांतलं काय कळतं?"

"कळायचंय काय त्यात? मागेल तो खिळा द्यायचा. इथे तर तुझ्याकडे कुणी मागायलाही येत नाही."

हे खरं होतं, म्हणूनच वर्मी लागलं. उशीवालीच्या डोळ्यांपुढे पाइपांनी भरलेली खोली उभी राहिली. त्यांच्या तोंडातून वारा शिट्ट्या मारत होता.

संध्याकाळी वहिनी आली. तिने पदर खोचला आणि खाटेवर बैठक मारली. "रडतेस काय? बोलणाऱ्याची मातीसुद्धा खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. जाहिरात कर!"

"मला नाही जमत वहिनी, आरडाओरडा करायला."

"तुला कोण ओरडायला सांगतंय? उशीला बोलू दे. गल्लीत एकेकाला एकेक उशी दे. म्हणावं, एक रात्र झोपून बघा. आवडली तर ठेवा, नाही तर सकाळी परत."

काय कल्पना होती! उशीवालीला सगळी गल्ली निजलेली दिसायला लागली. न्हावी निजलाय, बेकरीवाला निजलाय, शाळेतल्या बाई निजल्यात. सगळ्यांचा श्वास एका लयीत चाललाय आणि घरांची छपरं त्या श्वासाबरोबर हलकेच वर-खाली होतायत. त्या नादात तिने आठवडाभर उशा भरल्या. भरलेली प्रत्येक उशी ती स्वतः डोक्याखाली घ्यायची. चिमूटभर कापूस काढ, चिमूटभर घाल, असं करत डोळे आपोआप मिटले की म्हणायची, "जमली!"

उशा वाटून झाल्या. एक वहिनीने गुपचूप दादाच्या डोक्याखाली सारली.

दुसऱ्या दिवशी पहिला आला न्हावी, एक कान खांद्याला टेकवून. "ताई, काय दिलंत हे? सकाळपासून लोकांचे कल्ले तिरपे कापतोय मी!"

मागोमाग दांडगा बेकरीवाला. "मला बाजूला बघायचं तर अख्खं वळावं लागतंय, कपाटासारखं."

शाळेतल्या बाई ताठ मानेने आल्या. "वर्गात इतकी शांतता कधीच नव्हती हो. मुलांना वाटतंय मी रागावलेय. पण दुखतंय फार!"

उशीवाली बघतच राहिली. या वाकड्या मानेवरून त्या वाकड्या मानेवर नजर फिरवता फिरवता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळ्या उशा तिने एकाच मानेच्या मापाने भरल्या होत्या. स्वतःच्या! धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पण धरणी कामात होती. मग बोलावंच लागलं.

"चूक माझी आहे. सगळ्या उशा मी माझ्याच मानेच्या केल्या."

मग न्हावी तिरपा तिरपाच हसू लागला. "म्हणजे रात्रभर आम्ही तुमची मान लावून झोपलो होय!"

"झोपा," ती बेकरीवाल्याला म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता. कुशीवर."

तिने हात सरकवला. एवढा रुंद खांदा! या पोकळीत तर मांजर व्यालं असतं. तिने त्याची उशी उसवली, भरली, शिवली. बेकरीवाल्याने डोकं टेकलं आणि त्याच्या तोंडून नुसता "हाऽऽ" निघाला. तो "हाऽऽ" ऐकून रस्त्यावरची दोन माणसं थांबली. त्यांच्या माना धडधाकट होत्या. तरी ती आत आली.

दुपारी दादा आला, संतापाने लाल आणि मानेने वाकडा. "कुणी ठेवली ही माझ्या डोक्याखाली?"

"आधी आडवा हो, मग भांड," उशीवाली म्हणाली.

तो आडवा झाला. भांडणाचं पहिलं वाक्य त्याने सुरूही केलं, "तुला मी किती वेळा…" आणि पुढचं घोरण्यात गेलं. तिने नुसतं माप घेतलं होतं, उशी अजून पुरी भरायची होती. काचेबाहेर माणसं गोळा झाली.

"हे खिळेवालेच ना? यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं."

"हळू बोला हो! उठतील."

त्या घोळक्यातून वाट काढत पाइपांची गाडी आली. ड्रायव्हरने काचेतून पाहिलं, टोपी काढली आणि इंजिन बंद करून गाडी ढकलत, आवाज न करता मागे घेतली. वहिनीने ती वळणावर अडवली.

दादा जागा झाला तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. "पाइप?" तो दचकून म्हणाला.

"वहिनीने तुमच्या घरामागच्या अंगणात उतरवून घेतलेत. ताडपत्री घातलीय."

"तिथे गंजतील." त्याने मान डावीकडे वळवली. मग उजवीकडे. मग जरा संशयाने पुन्हा डावीकडे. "प्लॅस्टिकचेच आहेत म्हणा," असं पुटपुटत तो हळूच आडवा झाला. "या दुसऱ्या कुशीचं माप घेतलंस का?"

दारात एक अनोळखी बाई उभी होती. "मला पण असंच झोपवाल का?"

"थोडं थांबा हं," उशीवाली सुईत दोरा ओवत म्हणाली. "खाट अजून रिकामी नाही."